उघड्या डोक्याचे दहा दिवस

मे महिन्याच्या अठरा तारखेला बायजाबाई शहारेने आपल्या मुलाला सांगितलं की ती दहा दिवसांसाठी श्रामणेरी होणार आहे. तिने विचारलं नाही, सांगितलं.

धर्मेंद्र अंगणात मोटारसायकलची चेन पुसत बसला होता. त्याने वर पाहिलं.

"कायले वं माय? एवढ्या तपनीत?"

"तपन मले नवीन हाय का?"

"डोस्कं बोडा लागते तिथं."

"मंग बोडीन. केसं का कोणाच्या मालकीचे हायेत?"

घरातून सून भावना हसली. धर्मेंद्र हसला नाही. आपली आई त्रेसष्ट वर्षांची आहे, तिला उन्हाळ्यात दम लागतो, आणि ती एकदा बोलली की बोलली, या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या.

आमच्या बौद्ध घरांमध्ये ही रीत आहे. उन्हाळ्यात बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या असतात, हाताला काम नसतं, तेव्हा माणसं दहा दिवस विहारात जाऊन राहतात. डोक्याचं मुंडन करायचं, भिक्खूंचं चीवर ल्यायचं, दहा शीलं पाळायची, दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही, जमिनीवर निजायचं, दानात मिळेल ते खायचं. दहा दिवस झाले की चीवर उतरवून पुन्हा आपल्या संसारात यायचं. बायजाबाईचा नवरा मंगरू तीन वेळा श्रामणेर झाला होता. तिन्ही वेळा त्याला हार घालून गावाने वेशीपर्यंत पोचवलं. त्यातल्या एका वर्षी त्याने पौषात शिबिर केलं, उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, अंगावर असताना. तेव्हा बायजाबाईने एकटीने चिखलात उभं राहून सारी बांधी लावली होती. मंगरूचा चीवरातला फोटो भिंतीवर आहे. कुणी फोटोची तारीफ केली की ती म्हणायची, "फोटो त्याहिचा, रोवणा माहा."

मंगरूला जाऊन अकरा वर्षं झाली. या उन्हाळ्यात लाखांदूरच्या वाटेवर, फाट्यापासून दोन किलोमीटर आत असलेल्या एका विहारात बायांचं शिबिर लागणार असल्याचं कळलं आणि बायजाबाईच्या मनाने घेतलं. आयुष्यात दुसरीची शाळा अर्धी सुटली. शिवणकाम शिकायला गेली तर मुलगी झाली, ते सुटलं. बचत गटाच्या सहलीला नाव दिलं तर सासू आजारी पडली. आपल्या नावावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरं झालेलं असं काही तिच्याजवळ नव्हतं. आता दहा दिवस पुरे करायचे. दहा, नऊ नाही.

एकवीस तारखेला सकाळी विहाराच्या ओट्यावर नत्थू न्हावी वस्तरा घेऊन बसला. तेरा बाया रांगेत होत्या. नत्थूने आयुष्यभर पुरुषांची डोकी केलेली. बायजाबाईची पांढरी वेणी हातात आली तेव्हा त्याचा हात थबकला.

"काहून थांबला गा नत्थू?"

"मामी, मन नाई होऊन राहिलं."

"मन घरी ठेव. पोट्ट्याचं जावळ काढते तसं काढ."

त्याने काढलं. वेणी एका कपड्यात ठेवली गेली. चीवर अंगावर आलं, शीलं म्हटली गेली, आणि बायजाबाई मांडवात येऊन बसली. मग तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात सारखा वर जातोय. समोरून पुरुष आला, हात वर. वाऱ्याची झुळूक आली, हात वर. हात लुगड्याचा शेव, म्हणजे पदर, शोधत होता आणि तिथे शेव नव्हता. पहिले दोन दिवस तो हात गुडघ्याखाली दाबून बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी हाताला समजलं.

शिबिराच्या मुख्य भिक्खुणी नागपूरच्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. सारे त्यांना आर्याजी म्हणत. पहाटे ध्यान, मग झाडलोट, मग जवळच्या गावात भोजनदानाला जाणं, दुपारी धम्माचं वाचन. बायजाबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं तिच्याजवळ राहत असे. चौथ्या दिवसापर्यंत तिला शीलांची ओळ पुढून आणि मागूनही येऊ लागली.

पाचव्या दिवशी धम्मफेरी होती. तीन गावं पायी फिरायची. आणि त्याच दिवशी नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला.

त्या सकाळी तिची नणंद ललिताबाई भेटायला आली. आसगावहून पहिल्या एसटीने. तिने पिशवीतून एक बाटली काढली. टोरीचं तेल होतं. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे तिचं तेल भेगांना, जखमांना, गुराच्या खांद्यालाही लावतात. थंडीत ते तुपासारखं गोठतं आणि मे महिन्यात पाण्यासारखं पातळ होतं.

"वहिनी, डोस्कं पाहाय कसं झालं. वस्तऱ्याने पार खरवडून टाकलं. आग होते का नाई?"

"होते थोडी."

"मंग चूप बस."

ललिताबाईने ओंजळ भरून तेल ओतलं आणि लहान लेकराला चोळावं तसं मायेने चोळलं. वस्तऱ्याची रखरख निवली. बायजाबाईने डोळे मिटून घेतले. शीलात तेल-अत्तर बसत नाही, पण औषध म्हणून चालतं, असं तिने आपल्या मनाशीच ठरवलं आणि आर्याजींना काही विचारलं नाही. डोकं पाण्याच्या पितळी गुंडासारखं चकाकत होतं.

निघताना आर्याजींनी म्हाताऱ्या बायांना छत्र्या वाटल्या. बायजाबाईने आपली छत्री नागपूरहून आलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या हातात दिली.

"आजी, तुम्हाला नको?"

"मी मे महिन्यात तलाव खोदाच्या खंतीवर माती वाहिली बाई. हा सूर्य माह्या ओळखीचा हाय."

आठ वाजता निघालेली फेरी दहाला परतायची होती. पण गावागावांत माणसं वाट पाहत उभी. कुणी पाय धुवायला परात आणलेली, कुणी फुलं, कुणी दोन शब्द बोलायला उभा राहिलेला आणि वीस मिनिटं बोललेला. दुसऱ्या गावात अकराला भोजन झालं. तिसऱ्या गावाहून निघाले तेव्हा बारा वाजून गेले होते. डांबर मऊ पडलं होतं. आर्याजी दोनदा मागे आल्या आणि चीवराचं टोक डोक्यावर घ्या म्हणाल्या. "हाव," म्हणून बायजाबाई चालत राहिली. नवऱ्याच्या तीन शिबिरांत कुणी त्याला डोकं झाक म्हटलं नव्हतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टोरीचं तेल कपाळावरून पाझरत डोळ्यांत येत होतं. ती ते पुसायची आणि चालायची.

संध्याकाळी डोकं तव्यावरून उतरवल्यासारखं झालं. तिने कुणाला सांगितलं नाही. पाणी प्यायली, भिंतीला कपाळ टेकवून बसून राहिली. सकाळी ध्यानाला सगळ्या बसल्या तेव्हा मागे बसलेल्या मुलीने तोंडावर हात नेला. बायजाबाईच्या टाळूवर फोड आले होते. मक्याच्या दाण्याएवढे काही, काही बोराएवढे, पाण्याने भरलेले. मधला भाग लालबुंद. कान सुजलेले.

कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा. कुणी कांद्याचा रस. बाटलीत टोरीचं तेल उरलं होतं, तेही एकीने पुढे केलं. आर्याजींनी सगळ्यांना मागे सारलं, स्वच्छ कापड माठातल्या पाण्यात भिजवून हलकंच तिच्या डोक्यावर ठेवलं आणि धर्मेंद्रला फोन लावला.

तो नऊ वाजता आला. आईच्या डोक्याकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, "चाल."

"कुठं?"

"दवाखान्यात. तिथून घरी."

"दवाखान्यात येईन. घरी नाई. माहा सहावा दिवस हाय."

"माय, डोस्क्याचं पाहाय पयले. दिवसाचं मंग पाहू."

ओलं कापड डोक्यावर धरून ती मागे बसली. लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात ओळीने माणसं बाकावर होती. चीवरातली म्हातारी, डोक्यावर ओलं फडकं, खाली फोड. सारे पाहत होते. एका म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"का सांडलं वं डोस्क्यावर बुडे? चहा का?"

"सूर्य सांडला," बायजाबाई म्हणाली. "तुयाही डोस्क्यावर जागा हाय चांगली. सांभाळजो."

म्हाताऱ्याच्या टकलावरून सगळा बाक हसला. तोही हसला आणि सरकून त्याने तिला जागा दिली.

डॉक्टरीण तरुण होती. तिने फोड नीट पाहिले, बोट न लावता.

"तेल लावलं होतं का आजी?"

"टोरीचं."

"आणि उन्हात किती वेळ होता?"

"पाच तास. पण डॉक्टरीनबाई, मले एक सांगा. हे हात पाहा, हे पाय पाहा. पन्नास वर्सं तपनीत काढली, कातडं बैलाचं झालं. मंग डोस्कंच काहून भाजलं?"

"पन्नास वर्षांत डोक्याला ऊन कधी लागलं होतं?"

बायजाबाईने बोटांवर वर्षं मोजायला घेतली. तिने मागे जाऊन पाहिलं. लहानपणी केस दाट, तेव्हा केसांची सावली. न्हाण आलं तेव्हापासून शेव. बाईच्या डोक्यावरून शेव ढळला तर सासू घरात येऊ देत नसे. शेवावर चुंबळ, चुंबळीवर धानाचा भारा, नाहीतर खंतीवरचं मातीचं टोपलं. ओझ्याने मान मोडली, पण डोकं त्याच ओझ्याच्या सावलीत राहिलं. सूर्याची आणि तिची जी ओळख होती ती हातांची, पाठीची, पायांची. डोक्याला तो काल पहिल्यांदा भेटला होता. अंगावर एवढीशी जागा तान्ह्या लेकरासारखी कोवळी राहिली होती आणि तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"नाई लागलं," ती म्हणाली. "कधीच नाई."

डॉक्टरणीने सांगितलं ते धर्मेंद्रने मन लावून ऐकलं. फोड फोडायचे नाहीत, आपोआप फुटले तर वरचं कातडं ओढायचं नाही. तेल, पेस्ट, कांदा काही नाही. थंड ओलं कापड ठेवायचं, दिलेलं मलम हलक्या हाताने लावायचं, पाणी भरपूर प्यायचं. डोकं बरं होईपर्यंत उन्हात जायचं नाही, बाहेर पडावंच लागलं तर सुती कापडाने सैल झाकायचं. ताप आला, उलटी झाली, भोवळ आली किंवा फोडांत पू दिसला तर त्याच घटकेला परत यायचं. दुखण्याची गोळी सकाळी आणि रात्री, जेवल्यावर.

"रातच्याले मी जेवत नाई," बायजाबाई म्हणाली. "बारानंतर काहीच नाई."

"आजारपणात चालतं ना, माय," धर्मेंद्र म्हणाला.

"चालत असन. मले नाई चालवाचं."

 डॉक्टरणीने लिहिलेलं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. "ही उपाशीपोटी घेतली तरी चालते. आणि पाण्यात हे मिठा-साखरेचं पाकीट टाकून प्यायचं. ते तुमच्या नियमात बसतं का?"

"ते औषध हाय. बसते."

परतताना बायजाबाई डोळे मिटून बसली होती. गाडी वळली तेव्हा तिने उघडले. विहाराचा फाटा मागे पडत होता आणि मोटारसायकल घराकडे, आसगावच्या दिशेने चालली होती.

"थांबव."

"घरी आराम कर माय. घरी शीलं पाळ. कोण नाई म्हणते?"

"थांबव म्हटलं ना."

त्याने थांबवली. ती उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेली ओसाड रानं, दूर मोहाची दोन झाडं, आणि मध्ये कुठे सावली नाही.

"घरी मी माय आहो," ती म्हणाली. "घरी सासू आहो, आजी आहो, शेजारनीची बायजा आहो. घरी मी ध्यानाले बसली का तीन जनं विचारतीन, जिरं कुठं हाय. माहे दहा दिवस घरी होत नाई, धर्मेंद्र."

"आनं तुले काही झालं मंग? बाबा गेले तवा मी पुण्यात होतो कंपनीत. आता लोकं म्हणतीन, मायलेही तसंच सोडलं."

त्याचा आवाज फुटला होता. बायजाबाईने ते ऐकलं. तिला वाटलं, याला जवळ घ्यावं. पण जवळ घेतलं तर गाडीवर बसावं लागेल, हेही तिला कळत होतं.

"लोकाहिले सांग, बुडी ऐकत नाई. खोटं थोडी हाय?"

एवढं बोलून तिने ओलं कापड डोक्यावर नीट केलं आणि फाट्याकडे चालू लागली. उन्हात जायचं नाही म्हणून डॉक्टरणीने सांगून अर्धा तास झाला नव्हता. धर्मेंद्र पाहत राहिला. तिला अडवावं तर ती थांबणार नाही, थांबवत बसावं तर डोक्यावर ऊन वाढत जाणार. तिला सावलीत पोचवायची जवळची जागा आता विहारच होती. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, गाडी वळवली आणि तिच्याजवळ आणून उभी केली.

"बस."

"कुठं नेतं?"

"जिथं जाऊन राहिली तिथंच नेतो. बस पयले, डोस्कं वाळून राहिलं."

विहारात आर्याजींनी तिची पथारी आतल्या खोलीत, मातीच्या भिंतीजवळ घातली. सहावा आणि सातवा दिवस बायजाबाई पालथी पडून होती. डोकं कुठे टेकवता येत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांची उशी करून त्यावर कपाळ. बाहेर घंटा वाजायची, ध्यान बसायचं, बायांचा वंदनेचा सूर आत यायचा. ती पडल्या पडल्या ओठ हलवायची. दर तासाला कुणीतरी येऊन कापड भिजवून जाई. सातव्या दिवशी दुपारी दोन मोठे फोड आपले आपणच फुटले आणि पाणी कानामागून ओघळलं. तेव्हा तिने दातांखाली चीवराचं टोक धरलं. बाहेर आवाज जाऊ दिला नाही.

धर्मेंद्र दोन्ही दिवस आला. ताप आहे का पाहायचा, डोक्याकडे वाकून पू दिसतो का पाहायचा, आणि मांडवात जाऊन बसायचा. ताप आला नाही. पू दिसला नाही.

आठव्या दिवशी ती उठली. झाडू मागितला. आर्याजींनी पांढऱ्या सुती कापडाची घडी तिच्या डोक्यावर ठेवली, सैल बांधली. कापड पाहून तिची मान ताठ झाली. आर्याजी म्हणाल्या, "आजारी माणसाला नियमात सूट आहे. यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं नाई आर्याजी. तुमी त्या दिवशी दोन डाव सांगतलं, मी नाई ऐकलं. टेक तपनीशी कराची नसते, हे मले समजलं. बांधा. जरा घट्ट बांधा, वाकली तं पडन."

ती सावलीसावलीतून झाडत राहिली. भोजनदानाला बाकीच्या गेल्या तेव्हा ती विहारातच थांबली, आणि तिच्या वाट्याचं अन्न मुलींनी आणलं. नववा दिवस तसाच गेला. कडेची कातडी पापुद्रे सुटावेत तशी सुटत होती आणि खालून गुलाबी, नवी कातडी येत होती.

दहाव्या दिवशी सकाळी शिबिर संपलं. एकेक बाई आर्याजींपुढे बसायची, शीलं परत करायची, आत जाऊन चीवर उतरवायची आणि पांढऱ्या लुगड्यात बाहेर यायची. बाहेर पोरं-नातवंडं, टेम्पो, हारांची गर्दी. धर्मेंद्र भावनाला घेऊन आला होता. भावनाच्या हातात इस्त्री केलेली पांढरी साडी होती.

बायजाबाईचा नंबर आला. ती बसली, तीन वेळा वंदन केलं आणि म्हणाली, "आर्याजी, माहे दिवस नाई झाले."

"झाले की. आज दहावा."

"दोन दिवस मी पालथी पडून होती. झाडू नाई धरला, ध्यानाले नाई बसली, दानाले नाई गेली. ते नोका धरू."

"शीलं मोडलीत का तुम्ही त्या दोन दिवसांत?"

"नाई."

"मग दिवस मोजले जातात, बायजाबाई."

"तुमच्या हिशोबात जात असतीन. माह्या नाई जात. मी आठच दिवस केले."

 आर्याजींनी डोकं हलवलं, हसू आवरत. "मी इथे पाच तारखेपर्यंत आहे. तुमची जागा आहे तिथेच आहे."

बाहेर येऊन तिने मुलाला सांगितलं. धर्मेंद्रने कपाळावर हात मारला.

"मंग मी का करू आता?"

"घरी जाय. परवा ये."

"माय, तुले माहीत हाय का, मोहल्ल्यात लोकं हार घेऊन उभे हायेत?"

"त्याहिले सांग, हार पाण्यात ठेवा."

भावना मागे वळून हसू लपवत होती. तिने साडी पुढे केली. "ही तं ठेवा आत्याबाई."

"ने वं घरी, इथं धूळ लागन. परवा घेऊन येजो. आनं घरचं जिरं बरणीत नाई, लाल डब्यात हाय. सांगाचं राहिलं होतं."

टेम्पो गेले. मोटारसायकल गेली. नागपूरच्या मुलीने जाताना वाकून वंदन केलं आणि डोळे पुसत गेली. दुपार चढली. भैय्यालाल मांडववाला शिडी लावून कापड सोडू लागला. मांडवाची सावली एकेका पट्टीने जमिनीवरून निघून गेली.

"सारे गेले माय," तो वरून म्हणाला. "तुये मान्सं विसरले का तुले?"

"मी ठेवून घेतलं मले," बायजाबाई म्हणाली. "सांभाळून उतर. आनं खांब काढून झाले का खड्डे बुजवजो, रातच्याले पाय जाईन कोणाचा."

ती आत आली. तेरा पथाऱ्यांच्या जागी आता बारा रिकाम्या चौकटी होत्या, फरशीवर धुळीने आखलेल्या. तिने डोक्यावरचं कापड सैल केलं, झाडू घेतला आणि पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. उद्या तिचा नववा दिवस होता.